दारास डकविले असे

बेलिफ म्हणजे काय, हे माझ्या सख्ख्या मेव्हण्याला अजून कळलेलं नाही. त्याला वाटतं, मी लाल पट्टा लावून कोर्टाच्या दारात उभा राहायचो आणि नावं पुकारायचो. अहो, तो शिपाई. बेलिफ वेगळा. तेहतीस वर्षं नोकरी केली, नाशिक जिल्ह्यातल्या पाच तालुक्यांची धूळ खाल्ली, आणि घरच्या लग्नात ओळख करून देताना काय, तर ‘हे कोर्टात असतात.’ असतात म्हणे! मी कोर्टात असायचो कधी? सकाळी कागद घ्यायला तासभर आणि संध्याकाळी अहवाल द्यायला तासभर. बाकी सगळा दिवस रस्त्यावर आणि एसटीत.

तर आधी समजावून सांगतो. कोणी कोणावर दावा लावला, की ज्याच्यावर लावला त्याला ते कळायला पाहिजे. नाहीतर तो बिचारा घरी भाकरी खात बसणार आणि इकडे त्याच्याविरुद्ध निकाल होणार. म्हणून कोर्ट समन्स काढतं, म्हणजे ‘अमुक तारखेला हजर राहा’ असा कागद. तो कागद त्या माणसाच्या हातात देऊन सही आणायची, याला म्हणायचं बजावणी. ती करतो तो बेलिफ. पुढे निकाल लागला, जमिनीचा किंवा घराचा ताबा एकाकडून काढून दुसऱ्याला द्यायचा ठरला, की तो ताबा द्यायलाही बेलिफच जातो. म्हणजे दाव्याच्या पहिल्या दिवशी मी आणि शेवटच्या दिवशीही मी. मधला सगळा कारभार काळ्या कोटांचा.

लोक कागद घ्यायचं टाळतात हे सांगायला नकोच. सटाण्याला असताना एका कांदा व्यापाऱ्यानं मला चार वेळा हुलकावणी दिली. पाचव्या वेळेस गेलो तर कांद्याच्या चाळीमागून आवाज आला, “मालक घर नई शे!” मी म्हटलं, “बरं. मग तुम्ही कोण?” आवाज जरा थांबला. मग म्हणाला, “मी त्याना भाऊ.” मी म्हटलं, “वा, सोन्यासारखं झालं. घरातल्या सज्ञान पुरुषाला कागद दिलेला कायद्याला चालतो. या बाहेर, करा सही.” बाहेर आला तो स्वतः मालकच. तोंड पाहण्यासारखं झालं होतं. शेवटी दोघं तिथंच गोणीवर बसून मनसोक्त हसलो आणि त्यानं सही करून दिली. असे दिवस होते तेव्हा ही नोकरी मला आवडायची. खोटं कशाला सांगू?

देवळाली कॅम्पातली एक गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. एका जवानाच्या बायकोवर समन्स होतं. मी दारात खाकी पिशवी घेऊन उभा राहिलो, तशी ती मुलगी घाईघाईनं पदर सावरत म्हणाली, “उनकी छुट्टी मंज़ूर हुई क्या?” मला तिनं पलटणीतलाच कोणी समजलं. पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं. मी घटस्फोटाचा कागद पुढे केला. तिला वाचता येत होतं. वाचून झाल्यावर तिनं गॅस बंद केला आणि विचारलं, सही कुठं करायची. तोफांच्या सरावाचा आवाज येत होता, खिडकीची काच थरथरत होती. मी सही घेऊन निघालो. आता निवृत्तीनंतर त्याच कॅम्पात राहतो, पण त्या गल्लीनं जायचं टाळतो.

पण हे सगळं झालं वरवरचं. सांगायचं आहे ते वेगळंच. ते सांगायचं की नाही यावर घरात दोन दिवस वाद झाला. बायको म्हणाली, “झालं गेलं, आता कशाला उकरता? पेन्शन मिळतंय, गप बसा.” मी गप बसण्यातला माणूस नाही. पण याबाबतीत मी सहा वर्षं गप बसलोय.

नोकरीची शेवटची वर्षं मी जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या एका तालुका कोर्टात होतो. गावाचं नाव लिहीत नाही. डोंगराचा मुलूख, पाडे विखुरलेले, एका पाड्याहून दुसऱ्या पाड्याला जायचं तर खाली उतरा आणि पुन्हा चढा. मंजूर पदं तीन बेलिफांची. एक जण निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. दुसऱ्याची बदली झाली, त्याचीही जागा भरली नाही. उरलो मी. तीन माणसांचा इलाका आणि एक माणूस, तोही गुडघे गेलेला. कोर्टाला गाडी नाही. एसटीनं जायचं, पुढे पायी. भत्ता मिळायचा तो इतका की त्यात एका वेळचा वडापाव आणि चहा बसायचा, तोही चहा कटिंग असेल तर.

नाझर म्हणजे आम्हा बेलिफांना कागद वाटून देणारा मुख्य. आमचे नाझर वाईट माणूस नव्हते. मी एकदा चिडून कागदांचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर आपटला आणि म्हटलं, “हे एका माणसाचं काम आहे का हो?” त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, “भाऊ, मला काय हौस आहे का? तू दुसरा बेलिफ आण, त्याला देतो. दोन वर्षं पत्रं लिहितोय. वरून उत्तर येतं, तरतूद नाही.” मग आपल्या मागं बोट दाखवलं. स्टेनो आठवड्यातून तीन दिवस आमच्याकडे, तीन दिवस शेजारच्या तालुक्यात. झेरॉक्सचं मशीन शाई नाही म्हणून झाकून ठेवलेलं. न्यायाधीशांची जागासुद्धा रिकामीच, दुसऱ्या कोर्टाचे साहेब आठवड्यातून दोन दिवस यायचे. त्या दोन दिवशी पोर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसे. लोक पहाटेची गाडी धरून यायचे आणि दुपारी तारीख घेऊन जायचे.

आणि वर दट्ट्या असा की बजावणी प्रलंबित राहता कामा नये. बजावणी झाली नाही की दावा पुढं सरकत नाही, दावा सरकला नाही की आकडा वाढतो, आकडा वाढला की साहेबांना जाब विचारतात, साहेब नाझरला, नाझर मला. मला कोणाला विचारायचं? मग माणूस वाट शोधतो. मीही शोधली.

माणूस घरी भेटलाच नाही, लवकर भेटण्याचं चिन्हही नाही, तर कायद्यात एक सोय आहे. गावच्या दोन पंचांसमोर समन्सची प्रत त्याच्या घराच्या दर्शनी दाराला चिकटवायची आणि तसा अहवाल शपथेवर कोर्टाला द्यायचा. मग त्याला कागद मिळाला असं धरतात. आमच्या भाषेत ‘डकवून बजावणी’. सोय चांगली आहे, लबाड माणसाला पळवाट राहत नाही. पण तिच्यासाठी त्या दारापर्यंत जावं लागतं.

मी काय करायचो सांगतो. रविवारी घरी बसून दहा-बारा अहवाल आधीच लिहून ठेवायचो. मजकूर पाठ होता. ‘प्रतिवादी घरी मिळून आले नाहीत. घरास कुलूप होते. शेजारी चौकशी करता नजीकच्या काळात परत येण्याची शक्यता नसल्याचे समजले. सबब पंचांसमक्ष समन्सची प्रत घराच्या दर्शनी दारास डकविली असे.’ नाव, गाव, तारीख तेवढी मोकळी. जिथं खरंच गेलो तिथं उपयोगी पडायचे आणि जिथं गेलो नाही तिथंही. अक्षर माझं सुंदर होतं. साहेब कौतुक करायचे.

त्या वर्षी पौषात अकरा कागद घेऊन मी निघालो होतो. त्यात एक समन्स यमुनाबाईचं. नाव बदललंय. विधवा बाई, वय असेल पंचेचाळीसच्या आसपास. पाड्यावर नवऱ्याची दोन एकर भातजमीन आणि तिथंच घर. दावा लावलेला पुतण्यानं, काशिनाथनं. चुलत्यानं मरण्याआधी घर-जमीन आपल्याला लिहून दिली, कागद आहे, असं त्याचं म्हणणं. पूर्वी त्या जमिनीकडे कुत्रंही बघत नव्हतं. खालचा रस्ता रुंद व्हायला लागला आणि काशिनाथला चुलत्याचा कागद सापडला.

बसमधून उतरलो, पोलीस पाटलाच्या ओट्यावर टेकलो. पाडा वर डोंगरावर, तासभराची चढण. पाटील म्हणाले, “भाऊसाहेब, वर कशाला जाता? वर कोनी नाय. सारा पाडा द्राक्षाच्या कामाला गेला पिंपळगावला. शिमग्याला येतील परत.”

मला हे नवीन नव्हतं. दरवर्षी दिवाळी झाली की तिकडचे लोक पोराबाळांसकट द्राक्षबागांत जातात आणि होळीला परततात. म्हणजे बाई कुठं आहे, केव्हा येणार आहे, हे मला त्या ओट्यावर बसल्या बसल्या कळलं होतं. सरळ लिहायला हवं होतं, ‘प्रतिवादी मजुरीसाठी पिंपळगावकडे, होळीनंतर मिळतील, समन्स विनाबजावणी परत.’ झालं असतं काय? पुढची तारीख पडली असती. नाझरांनी तोंड वाकडं केलं असतं. बस्स.

पण पिशवीत अजून दहा कागद होते आणि परतीची गाडी तीनला. मी तयार अहवाल काढला, नाव-तारीख भरली. पंच म्हणून पाटलांनी सही केली आणि शेजारच्या दुकानदारानं. प्रत पाटलांच्या हातात दिली. “वर गेलात की लावून टाका दाराला.” “लावतो की,” पाटील म्हणाले. त्यांनी ती घडी करून टोपीत ठेवली. पुढे त्या प्रतीचं काय झालं, देव जाणे.

मी त्या दिवशी अकराच्या अकरा कागद बजावले. नाझर म्हणाले, “भाऊ, कमाल केलीस.” मलाही बरं वाटलं होतं. घरी येताना भेळ आणली होती.

यमुनाबाई तारखेला हजर नाही, दुसऱ्या तारखेला नाही. दावा एकतर्फी चालला. समोर कोणीच नसलं की दावा भरभर चालतो, हा आमच्याकडचा एकच वेगवान प्रकार. काशिनाथच्या बाजूनं निकाल झाला. पुढच्या वर्षी भातलावणी उरकायच्या सुमाराला ताबा देण्याचं वॉरंट माझ्याच हातात आलं. नाव वाचलं, पण आठवलं काहीच नाही. अशी किती नावं हाताखालून गेलेली!

या वेळेस चढून जावंच लागलं. बरोबर काशिनाथ, त्याची चार माणसं आणि एक हवालदार. मी धापा टाकत वर पोचलो आणि घर पाहिलं. कुडाच्या भिंती, वर कौलं, बांबू आणि फळ्यांचं दार. दाराला कडी नाही, कोयंडा नाही. वरच्या फळीत भोक पाडून तार ओवलेली, ती तार मेढीला, म्हणजे बाजूच्या खांबाला, गुंडाळायची, झालं दार बंद. ते दार पाहिलं आणि मला माझाच अहवाल आठवला. ‘घरास कुलूप होते.’ कुलूप लावायला जागाच नव्हती हो त्या दाराला!

बाई बाहेर आली. हाताला चिखल. मी वॉरंट वाचून दाखवलं.

“कसली केस, भाऊसाहेब?” ती म्हणाली. “आमाला कागुद नाय आला.”

“आला होता. दाराला लावला होता.”

“कंदी?”

“पौषात.”

“पौषात तं आमी द्राक्षावर होतो.” तिनं दाराकडं पाहिलं, जणू ते काही सांगेल म्हणून. “आलो तवा तं काय नवतं दाराला.”

काशिनाथ मधेच म्हणाला, “काकू, वाऱ्यानं उडाला असंल. कोर्टाचा हुकूम हाय, आता वाद नको.”

आता नीट ऐका. ताबा द्यायला गेलेल्या बेलिफाला कोणी आडवं आलं, दारात बसलं, मी हटणार नाही म्हणालं, तर तो मारामारी करत नाही. ‘अडथळा झाला’ असा अहवाल लिहून परत येतो. मग कोर्ट पुन्हा ऐकतं, पुन्हा तारखा पडतात. सहा महिने सहज जातात. ही गोष्ट प्रत्येक बड्या घरच्या माणसाला माहीत असते. बंगलेवाले मला बघूनच दारात आडवे होतात. यमुनाबाईला कोण सांगणार? तिनं मला एकच विचारलं, “सरकारचा शिक्का हाय का?” मी शिक्का दाखवला. ती आत गेली आणि स्वतःच एकेक भांडं बाहेर आणून ठेवायला लागली. मडकी, पाटा, कणगीतलं नाचणीचं पोतं, नवऱ्याचा फोटो. मी तिला हळूच ‘बस दारात’ एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. हवालदार तंबाखू मळत होता, त्याला ऐकूही गेलं नसतं. मी म्हटलं नाही. मी ताबेपावतीवर काशिनाथची सही घेतली.

निघताना मात्र तिला म्हटलं, “बाई, तीस दिवसांच्या आत कोर्टात या. कागद मिळाला नव्हता म्हणून अर्ज करता येतो. फुकट वकील मिळतो.” एवढं एक सांगितलं. मनाची समजूत काढायला हे एकच वाक्य मी वर्षानुवर्षं वापरलं. काशिनाथनं आठवड्याच्या आत घर पाडलं. दारासकट.

बाई खरंच आली. बाविसाव्या दिवशी, माहेरच्या गावाहून दोन गाड्या बदलून. वकील मिळाली ती तरुण मुलगी, हुशार आणि तडफदार. अर्ज दाखल झाला, ‘समन्स बजावलेच नाही, एकतर्फी निकाल रद्द करा.’ अर्ज सरळ होता. दोन महिन्यांत निकालात निघायला हवा. लागली जवळपास तीन वर्षं. कधी साहेब नाहीत, कधी स्टेनो नाही, कधी साहेब आहेत पण बोर्ड, म्हणजे त्या दिवसाची प्रकरणांची यादी, इतका मोठा की चार वाजेपर्यंत नंबरच लागत नाही. बाई प्रत्येक तारखेला यायची. पोर्चच्या खांबाला टेकून बसायची, डब्यातली भाकरी खायची. मला दिसली की हात जोडायची. मीच तर तिला अर्जाचं सांगितलं होतं ना, म्हणून! मी मागच्या दारानं जायला लागलो.

शेवटी माझी साक्ष निघाली. सगळं माझ्यावर येऊन ठेपलं होतं. पोलीस पाटील वारले होते. दुकानदार म्हणाला, आठवत नाही. घर जमीनदोस्त, दार पाहायला जावं तर दार नाही. मी खरं सांगितलं, की ‘वर गेलोच नव्हतो,’ तर बाईविरुद्धचा दावा पुन्हा पहिल्यापासून उघडणार. तिची जमीन, तिचं घर, सगळं माझ्या एका वाक्यावर. आणि मी खरं सांगितलं तर शपथेवर खोटा अहवाल दिल्याबद्दल माझी चौकशी. निवृत्तीला आठ महिने उरले होते. चौकशी लागली की पेन्शन अडकतं. आमच्यातल्या एकाचं अडकलेलं मी पाहिलं होतं, म्हातारा चकरा मारून मारून खंगला.

आदल्या दिवशी नाझरांनी मला बाजूला घेतलं. “अहवालाप्रमाणे बोल,” एवढंच म्हणाले. त्यांना सगळं माहीत होतं, मलाही माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली. हजारो लोकांना मी ही शपथ घेताना ऐकलं होतं.

वकीलबाईंनी विचारलं, “तुम्ही स्वतः घरापर्यंत गेला होता?”

“हो.”

“दाराला कुलूप होतं?”

“हो.”

“कसलं? पितळी की लोखंडी?”

“लोखंडी.” माझ्या तोंडून इतक्या पटकन आलं की माझं मलाच नवल वाटलं.

“केवढं?”

“मध्यम.”

“साहेब, दाराला कडीच नाय!” मागून यमुनाबाई उभी राहून म्हणाली. “कुलूप लावू कुठं?” साहेबांनी तिला बसायला सांगितलं. रागावून नाही, सौम्यपणे. पुढं कितीतरी प्रकरणं तटली होती. काशिनाथचा वकील म्हणाला, कडी नव्हती याला पुरावा काय? पुरावा कुठला! पुरावा पाडून त्याची लाकडं जळणाला गेली होती. वकीलबाई माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांना कळलं होतं, मला दिसत होतं. पण कळणं आणि सिद्ध करणं यात कोर्टात फार अंतर असतं.

दहा दिवसांनी, एका गुरुवारी, निकाल आला. बेलिफानं शपथेवर दिलेल्या साक्षीवर अविश्वास दाखवायला कारण दिसत नाही, सबब अर्ज फेटाळला.

लोक म्हणतात, व्यवस्थेत माणसं कमी, पैसा कमी, म्हणून असं होतं. मीही कट्ट्यावर हेच भाषण ठोकतो आणि ते खोटं नाही. दुसरे दोन बेलिफ असते तर मी त्या दिवशी वर चढलो असतो, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण पिंजऱ्यात ‘लोखंडी’ म्हणालो तेव्हा कुठली जागा रिकामी होती? तिथं तर मी हजर होतो. त्या शब्दाची मला लाज वाटते. झोपेतून उठून वाटते.

त्या दिवशी निकालानंतर बाई पोर्चमध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी मनाची तयारी केली. शिव्या देईल, शाप देईल, दिलेले बरे. ती म्हणाली, “भाऊसाहेब, तुमी कुलूप बघितलं ना?”

“हं.”

“लोखंडी?”

“हं.”

ती म्हणाली, “मंग काशिनाथनंच लावलं असंल. आमी द्राक्षावर गेल्यावर कडी ठोकली असंल न् आमी यायच्या आत काढली असंल. मी उगाच म्हनत बसले कुलूप नवतं. तुमी सरकारी मानूस, तुमाला काय पडलंय खोटं बोलायला.” तिचा चेहरा चक्क उजळला होता, इतक्या वर्षांचं कोडं सुटल्यासारखा. “माज्या घराला त्यानं कुलूप घातलं, याची केस करता येती का?”

अपिलाला मुदत होती. मी त्याच पावली वकीलबाईंकडे जाऊन सगळं सांगू शकत होतो. त्यांना तोवर दुसऱ्या फाइली मिळाल्या होत्या, पण त्यांनी माझं ऐकलं असतं. मी बाईला फुकट सल्ल्याची खिडकी दाखवली. खिडकी बंद होती. तिथल्या कारकुनाचं पद रिकामं, आमच्याच ऑफिसातला दुसरा एक कारकून मंगळवारी तिथं येऊन बसायचा. मी म्हटलं, “मंगळवारी या.”

मंगळवारी मी रजा टाकली.

बुधवारी गेलो तर तो कारकून माझी वाटच पाहत होता. म्हणाला, “काल एक बाई येऊन गेली, भाऊ. दिवसभर बसली होती. पुतण्यानं घराला कुलूप ठोकलं म्हणून अर्ज लिहून घ्या म्हणे. मी विचारलं, पुरावा काय? तर तुझं नाव सांगितलं. म्हणाली, त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, ते माझे साक्षीदार आहेत, त्यांना विचारा. पुढच्या मंगळवारी परत येणार आहे. काय सांगू तिला?”

“मुदत गेली म्हणून सांग,” मी म्हटलं, आणि त्या दिवसाचे कागद पिशवीत भरून एसटी स्टँडकडं निघालो.